पुढचा खांदा

काशीराम : आधी ता बंद कर. मग बोलू.

आरोही : बंदच आहे, अप्पा. प्रोजेक्टर तापलाय, त्याचा पंखा तेवढा फिरतोय. चार वाजेपर्यंत इथे कोणी येत नाही. बसा ना. आई कुठेय?

काशीराम : खाली दारात. तुझी ती मैत्रीण सानवी भेटली तिला. बोलत उभ्या हायत दोघी.

आरोही : आणि तुम्ही एस.टी. डेपोतून सुट्टी काढून माझं प्रदर्शन बघायला आलात? खरं सांगा, काय झालंय?

काशीराम : प्रदर्शन कसला! सकाळी सहाणेवर सभा झाली. शिमग्यात आपली पालखी बसते ना, त्या जागी सगळा गाव बसला आणि मला मधी उभा केलानी. जिथं इतकी वरसा खांद्यावरून पालखी उतरवली, तिथंच मान खाली घालून उभा. तुझ्यापायी.

आरोही : मी काय केलं?

काशीराम : आपल्या वाडीतल्या विनीतने मुंबईसून गावच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकलान. काल तुझा उद्घाटन झाला त्याचा, कोणी तरी त्याला धाडलेला. भिंतीवर आपली पालखी नाचतेय आणि तिच्यासमोर पोरी नाचतायत. पायात चपला. एकीच्या तर उंच टाचा.

आरोही : चपला?

काशीराम : मग! पालखीला खांदा देताना पायात चपला? अगो, शेंबड्या पोराला कळता ह्या. पालखी दारात आली की तुझी आजी चूल सोडून अनवाणी धावायची.

आरोही : मला दिसल्याच नाहीत, अप्पा. शपथ. मी तिथे मागे लॅपटॉपवर होते. कॅमेरा छातीच्या उंचीवर लावलाय, कमरेखालचं माणूस त्यात येतच नाही. मला खांदे हवे होते ना. वर्षभर मी नुसते खांदे बघतेय. पायांचा... पायांचा डबाच नाहीये यात.

काशीराम : डबा कसला?

आरोही : या इकडे, दाखवते. मला कोड लिहिता येत नाही, तुम्हाला माहितेय. बी.ए. झालेली मी. पण यात लिहावं लागत नाही. हे असे डबे मांडायचे आणि तारांनी एकमेकांना जोडायचे. हा पहिला, कॅमेऱ्याचा. माणूस समोर उभं राहिलं की त्याचं चित्र यात येतं. त्याची तार या दुसऱ्या डब्यात जाते, हा चित्रातून खांदे शोधतो. तिसरा बघतो, खांदा वर गेला की खाली. आणि तिथून तार थेट पालखीला. माणसाचा खांदा पडला की भिंतीवर पालखी पडते.

काशीराम : ह्या सगळा तू जोडलास? रापणीचा जाळा ह्याच्यापेक्षा सुटसुटीत असता.

आरोही : मला तरी कुठे येत होतं! दीपाली मॅडमनी कार्यशाळेत तीन दिवस शिकवलं आणि त्या गेल्या पुण्याला. मग मी आपली पडवीत बसून परदेशी लोकांचे व्हिडिओ बघायची. ते इतकं भरभर बोलायचे की एकेक वाक्य थांबवून ऐकायला लागायचं. एक तार चुकली की सगळं ठप्प. आणि नेट गेलं की झालंच. पहिली पालखी केली ती आठवतेय? आई काय म्हणाली होती?

काशीराम : "पाळणा हलवतेस काय गो."

आरोही : हो! कारण मी ती हातांना जोडली होती. मला वाटायचं पालखी हातांनी नाचवतात. लहानपणापासून दारातून बघतेय, तरी! मग दिवाळीत तुम्हाला विचारलं, आधी खांदा पडतो की आधी गुडघा.

काशीराम : तू विचारलास आणि मी येड्यासारखा सांगितला.

आरोही : नुसतं सांगितलं? परसात शिडी खांद्यावर घेऊन नाचून दाखवलंत! मागचं टोक आईच्या खांद्यावर.

काशीराम : हळू बोल! झाकली मूठ सव्वा लाखाची. काशीरामने बायकोच्या खांद्यावर दांडा दिलान, ता जर गावात कळला...

आरोही : शिडी होती, अप्पा.

काशीराम : शिडी होती, पण पावला पालखीची होती ना? आधी गुडघा मोडायचा, मग ढोल वाजला की खांदा सोडायचा. माझ्या बापसाने ह्या मला देवळामागं नेऊन सांगितलान. एकट्याला. मी तुला सांगितला कारण... किती वरसांनी तू मला काय तरी विचारलास. त्या मोबाईलातून डोका वर काढून. मला बरा वाटला.

आरोही : मलाही वाटलं होतं.

काशीराम : मग गुडघा कुठं हाय ह्यात? तूच बोललीस, कमरेखालचा दिसत नाय.

आरोही : लोकांचा नाही. तुमचा आहे.

काशीराम : माजा?

आरोही : दिवाळीत मी पाठीमागून तुमचा व्हिडिओ काढला होता. तो या डब्यात आहे. त्यातून मी तुमची सावली केली. भिंतीवर पालखीच्या पुढच्या दांड्याखाली आहे ना काळी आकृती, ती तुम्ही. समोर येणाऱ्या माणसाला मी फक्त मागचा खांदा दिलाय. पुढचा कुणालाच दिलेला नाही. पुढचा खांदा आपल्या घराचा, हे काय मला माहीत नाही?

काशीराम : मागचा दिलास?

आरोही : हो.

काशीराम : अगो, मागचा अभयच्या घराचा! माजा मान राखलास आणि माझ्या चुलतभावाचा गावभर वाटलास?

आरोही : अभयकाकांचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

काशीराम : तरीच! सकाळी सगळ्यात जास्त तोच तापला होता. मी मनात म्हटला, ह्याला देवीचा एवढा पुळका कधीपासून आला.

आरोही : हसताय तुम्ही.

काशीराम : हसत नाय. हसण्यासारखा काय हाय ह्यात? आणि पालखीत देवीची रूपा लावलीस काय?

आरोही : नाही हो. मुखवट्यांचा फोटो काढायचा नसतो एवढं कळतं मला. पालखीत नुसती फुलं आहेत. आत कोणी नाही.

काशीराम : रिकामी? रिकामी पालखी कोण नाचवता गो? रूपा उतरली की मग ती नुसती लाकडा. गुपचूप वाशाला टांगून ठेवायची.

आरोही : मुखवटे लावले असते तर म्हणाला असतात, देवीला भिंतीवर चढवली. नाही लावले तर रिकामी नाचवली. इकडे आड, तिकडे विहीर. मी करायचं तरी काय?

काशीराम : काय करायचाच नाय. तसा पण करता येता माणसाला.

आरोही : सभेत काय ठरलं ते सांगा.

काशीराम : आज दिवेलागणीच्या आत ह्या बंद करायचा. नुसता बंद नाय, पुसून टाकायचा. मग मी देवीपुढं नारळ ठेवून सांगायचा, चूक झाली.

आरोही : पुसायचं म्हणजे? तुमचा व्हिडिओसुद्धा?

काशीराम : सगळा.

आरोही : आणि नाही पुसलं तर? वाळीत टाकतील? आता कायदा आहे त्याला.

काशीराम : कायदा कोणाला शिकवतेस? वाळीत कोण टाकता आता? कोणी तोंडाने काय बोलणार पण नाय. चहा पण देतील. फक्त पुढच्या आठवड्यात शिमग्याला पालखी उठेल आणि पुढच्या खांद्याला अभय उभा असेल. गाव करी ते राव काय करी.

आरोही : तुम्ही काय बोललात सभेत? माझ्या बाजूने?

काशीराम : बोललो, पोरगी हाय, चुकली.

आरोही : एवढंच?

काशीराम : मग काय भाषण करू? मला तुझे डबे समजावता आले असते काय तिथं?

आरोही : पण एका खांद्यासाठी, अप्पा...

काशीराम : "एका खांद्यासाठी" बोलू नको! डेपोत मी कोण? नट आवळणारा. साहेब नावाने हाक मारत नाय, "ए चाकवाल्या" म्हणतो. तेच शिमग्यात बघ. सगळा गाव माझ्या पायाकडं बघता. मी थांबलो तर ढोल थांबता. म्हाताऱ्या बाया माझ्या पायावर पाणी घालतात. तेवढाच हाय माझ्याजवळ, आरोही. दुसरा काय नाय.

आरोही : आणि तुमच्यानंतर?

काशीराम : तो विषय नको.

आरोही : का नको? तुमच्यानंतर पुढचा खांदा कुणाकडे जाणार?

काशीराम : अभयच्या रितेशकडं. तुला भाऊ नाय.

आरोही : म्हणजे तसाही जाणारच आहे. मी तुमची एकुलती एक, पण मी दांड्याला हात लावायचा नाही. तुमचा गुडघा सुजतो, रात्री आई तेल चोळते. अजून किती शिमगे? मग तो नाच कुठे राहणार, सांगा ना. रितेशला ढोलापेक्षा डीजे बरा वाटतो. मला तो नाच आपल्या घरात ठेवायचा होता. मला नाचता येत नाही, खांदा देता येत नाही, हे डबे जोडता येतात. म्हणून यात ठेवला.

काशीराम : मला विचारलास?

आरोही : नाही.

काशीराम : का नाय विचारलास?

आरोही : तुम्ही नको म्हणाला असतात.

काशीराम : मग?

आरोही : मग काही नाही. म्हणून नाही विचारलं. सांगितलं ना.

काशीराम : बरा. एक कर. बाहेर पाटी लाव, चपला काढा म्हणून. आणि तुझ्या त्या खांद्याच्या डब्याला सांग, बाईमाणूस समोर आला तर पालखी उठवू नको. मग मी अभयच्या हातापाया पडून बघतो. सगळा पुसायचा नाय लागणार कदाचित.

आरोही : त्याला बाई-पुरुष कळत नाही. त्याला खांदाच कळतो.

काशीराम : मग शिकव. एवढा शिकवलास.

आरोही : शिकवता येईल. अवघड नाहीये. मधे एक डबा घालायचा, एक तार इकडची तिकडे. चहा होईपर्यंत होईल.

काशीराम : मग घाल ना!

आरोही : पाटी आत्ता लावते. चपलांची चूक माझीच आहे, ती मी सहाणेवर येऊन सगळ्यांसमोर कबूल करीन. पण तो डबा मी माझ्या हाताने नाही घालणार. घातला तर मी स्वतः समोर उभी राहिले तरी पालखी उठणार नाही. मीच केलेली. त्यापेक्षा सगळं पुसते.

दमयंती : काय पुसतेस? जिन्यापर्यंत आवाज येतोय बापलेकीचा.

आरोही : ये आई. ऐकलंस ना सगळं?

दमयंती : अर्धा ऐकला, अर्धा सानवीने सांगितलान. ती बौद्धवाडीची, देव मानत नाय. पण काल ती चपला काढून उभी राहिली होती. मी विचारला, का गो? तर बोलली, "काकू, मानत नसले म्हणून काय झालं? काकांची पालखी आहे ती."

काशीराम : व्हिडिओत तिचे पाय कोण बघता.

दमयंती : आणि तुम्ही काय ठरवलात?

आरोही : ठरलंय. मी पुसतेय. अप्पांचा खांदा घालवून मला काय मिळणार आहे? मॅडम म्हणाल्या होत्या, हे पुण्याला नेऊ. राहिलं. दुसरं काहीतरी करीन. समुद्र वगैरे. समुद्राला कोणी मानकरी नसतो.

दमयंती : असा तोंड करून बोलू नको.

आरोही : कसं बोलू मग? वर्ष गेलं माझं यात.

काशीराम : मला काय आनंद होतोय? मी काय हौसेने आलोय?

दमयंती : तुम्ही दोघा पण गप रहा थोडी. मी अजून ती पुरी झालेली बघितलीच नाय. गावाने बघितली, मुंबईने बघितली, आणि शिडीचा मागचा टोक धरणारी बाई राहिली बघायची. दुसऱ्या दिवशी खांदा केवढा ठणकत होता माजा! कोणाला सांगितला नाय. बरा वाटत होता तो दुखताना.

काशीराम : अगो, तू पण!

दमयंती : पुसायची तर पुसा. पण आधी दाखव.

आरोही : ये, त्या पट्टीवर उभी रहा.

दमयंती : मी नाय. मी बसून बघणार. जन्मभर हातात आरतीचा ताट घेऊन दारात उभी राहिलेय, दिसते ती डोक्यांमधून, कधी दिसतच नाय. आज बसून बघते. अवो, तुम्ही उभे रहा.

काशीराम : येड लागला काय? सभेत कळला तर?

दमयंती : बंद खोलीत हाय कोण? आणि तुम्ही तर हक्काचे मानकरी. तुम्ही उभे राहिलात तर कोणाचा काय बिघडणार?

काशीराम : मी नाचणार नाय.

दमयंती : नका नाचू. नुसते उभे रहा.

आरोही : नुसते उभे रहा, अप्पा. एकदाच. मग मी तुमच्यासमोर पुसते.

काशीराम : चपला कुठं काढू?

आरोही : तिथेच, खुर्चीखाली. आता या पांढऱ्या पट्टीवर या. भिंतीकडे तोंड. थांबा, पडदे ओढते. सुरू झालं. दिसतेय पालखी?

काशीराम : दिसतेय. मखमल आपलीच घेतलीस. आणि हा पुढं कोण?

आरोही : तुम्हीच. दिवाळीतले.

काशीराम : मी? माजी पाठ एवढी वाकली?

दमयंती : कधीच वाकलेय. तुम्हाला कोण सांगणार?

काशीराम : स्वतःची पाठ कोणाला दिसते... हा बघ, गुडघा मोडलान. आधी गुडघाच. बरोबर घेतलास गो. आता खांदा सोडील... सोडलान. अगदी असाच.

आरोही : तुमचाच आहे, अप्पा.

काशीराम : माजा नाय हा. हे बाबा हायत. मी लहान होतो तेव्हा गर्दीत त्यांच्या मागून चालायचो, मला एवढाच दिसायचा. ही पाठ. असाच डावा पाय जरा बाहेर टाकायचे... ते गेल्यापासून ही पाठ मी बघितली नव्हती.

आरोही : अप्पा, आता थोडा खांदा सोडून बघा, म्हणजे पालखी...

काशीराम : मी हलणार नाय, सांगितला ना.

आरोही : पण ती हलतेय.

काशीराम : मी नाय हलत.

आरोही : हलतेय, अप्पा. केवढी हलतेय. तुमचे खांदे...

दमयंती : गप. त्यांच्याकडं बघू नको. भिंतीकडं बघ.

(फोन वाजतो.)

आरोही : अप्पांचा आहे. अभयकाका. पुसलं का विचारायला असेल. काय सांगू?

दमयंती : दे इकडं. हां अभय, बोल, वहिनी बोलतेय... हायत ना, इथंच हायत... नाय रे, आत्ता नाय बोलू शकत. खांद्यावर पालखी हाय त्यांच्या. उतरवली की बोलतील.